अष्टागरातील नानखटाई

मांडव्यास बोटीतून उतरून अलिबागेवरून दक्षिणेस चौलाकडे निघाले म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात. हेच अष्टागर. येथे येणारे बहुतेक लोक समुद्र पाहावयास येतात. कोणी चौकस असले तर चौलाचा रामेश्वर व रेवदंड्याचा कोट पाहून परततात. आम्ही उभयता गेल्या आश्विनात चौलास गेलो ते मात्र नानखटाई करावयास.

आमची आजी आता नव्वदीला टेकली आहे आणि तूप फेसण्याचे बळ तिच्या मनगटांत उरलेले नाही. तिची कृती तिच्या सासूबाईंच्या वहीत आहे. परंतु ती वही वाचून घरातील एकाही सुनेला किंवा नातीला ती नानखटाई साधली नाही. वहीत आहे ते इतकेच: साजूक तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, दही चमचाभर, सोडा चिमूटभर, वेलदोडे, जायफळ, आणि मैदा मावेल तितका. सारी विद्या त्या ‘मावेल तितका’ मध्ये अडकलेली. ती आजीबरोबरच जाऊ नये म्हणून आम्ही सोबत तराजू घेतला होता.

पहिली अडचण तुपाची. देशावर आश्विनात रात्री गारवा पडू लागतो व तूप आपोआप थिजते. समुद्रकाठी ती सोय नाही. उकाड्यात ते पातळच राहते, आणि पातळ तूप फेसले जात नाही. म्हणून पूर्वी तुपाचे पातेले रात्री शिंक्यात घालून वाडीतल्या विहिरीत, तळ पाण्यास टेकेल असे सोडीत. आम्ही फ्रिज सुचविला, तेव्हा आजी म्हणाली, “त्यातलं तूप दगड होतं रे. फेसताना गुठळ्या धरतं.” वाडीतला रहाट जाऊन पंप आला असला तरी विहीर जागेवर आहे. पातेले विहिरीतच गेले, आणि पहाटे दाणेदार थिजलेले तूप वर आले.

मग परातीत तूप व साखर घेऊन तळहाताच्या टाचेने फेसावयाचे, तेही एकाच दिशेने. अर्ध्या तासाने पिवळेपणा जातो, मिश्रण पांढरेशुभ्र व हलके होते. त्याचा कण पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. तुपात कोंडलेली ही हवाच पुढे उष्णतेने फुलते व नानखटाई खुसखुशीत होते. आम्ही आळीपाळीने पाऊण तास फेसले, तेव्हा कोठे आजीने मान हलविली.

हा पदार्थ आपण करंजी-अनारशांच्या पंक्तीस बसविला आहे खरा, पण त्याचे कूळ निराळे. ‘नान’ हा शब्द फारसी. तिच्या जन्माची कथा सुरतेच्या पारशी भटारखान्याची सांगतात. चौलाजवळचा रेवदंड्याचा कोट तर सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. ‘पाव’ हा शब्द आपणांस त्यांनीच दिला. खाडीपलीकडच्या कोर्लईत ख्रिस्ती मंडळी अद्याप पोर्तुगीजोद्भव बोली घरात बोलतात. भट्टीतल्या जिनसांविषयी आपल्या वडीलधाऱ्यांचा कटाक्ष किती असे, हे सांगावयास नको. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसह अनेकांपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून उठलेले ग्रामण्य पुढे दोन वर्षे धुमसत राहिले!

चौलातील आमच्या घराने यावर काढलेली तोड आम्हांस मोठी मौजेची वाटते. दिवाळीपूर्वी नानखटाईची ताटे बाजारातल्या भट्टीवर जात. पाव भाजून निघाले, भट्टीचा ताव उतरू लागला, की मग ती आत सरकवीत. कारण कडक तावात नानखटाई वरून करपते आणि आत कच्ची राहते. अनेक घरांची ताटे एकत्र होत, म्हणून आमच्या घरची खूण म्हणजे मधोमध चारोळीचा एकच दाणा. मुलेबाळे ती आनंदाने खात. आजीच्या सासूबाई मात्र भट्टीतली तोंडात घालीत नसत. त्यांच्यासाठी दहा-बारा निराळ्या, घरीच पातेल्यात वाळू घालून, खाली-वर निखारे ठेवून भाजल्या जात. आजी सांगते की गुपचूप चाखून पाहता वाळूवरचीच सरस लागे. आम्हीही याच रीतीने भाजली, आणि आमचाही अभिप्राय तोच आहे.

आता मैद्याविषयी. आजी खुर्चीवर बसून बोटांनी पीठ चाचपीत होती व “आणखी घाल” म्हणत होती. आम्ही प्रत्येक मूठ तोलून मांडीत होतो. तिने “पुरे” म्हटले तेव्हा मैदा २९० ग्रॅम भरला. दुसऱ्या दिवशी आभाळ आले, उकाडा वाढला, परातीतले तूप सैलावले. त्याच वाटीच्या तुपात ३२५ ग्रॅम मावला. हवा बदलली की तुपाचा घट्टपणा बदलतो आणि त्याबरोबर मैद्याचे मापही. त्या बाईंनी वहीत आकडा घातला नाही तो विसरून नव्हे.

दोन्ही आकडे आम्ही वहीत, तिथी व त्या दिवशीच्या हवेसह लिहिले आहेत. तिसरा माघात, तूप विहिरीवाचून थिजेल तेव्हा, घ्यावयाचा आहे. त्यासाठी आजीने आम्हांस आताच बोलावून ठेवले आहे.