फ्रीज केवढा असावा?

एखाद्या घराचा दिनक्रम ओळखावयाचा असेल तर त्या घरचा फ्रीज पाहावा, असे आमचे मत होत चालले आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले नाताळच्या सुटीत गावी येतात, तेव्हा तिकडच्या फ्रीजचे वर्णन हटकून करतात. अमेरिकेतील कुटुंबाचा फ्रीज साधारणपणे सहाशे लिटरच्या घरातला. युरोपातला पुष्कळदा त्याच्या निम्मा. आणि आपल्याकडे सर्वत्र दिसतो तो एकदारी, १८० ते २०० लिटरचा. पोटे तर सगळीकडे सारखीच! मग पेट्यांच्या मापांत एवढे अंतर का असावे?

अमेरिकनांना थंडाव्याची सवय विजेच्याही आधीची आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ साली बॉस्टनहून थेट कलकत्त्यास जहाजाने बर्फ पाठविला होता. घरोघरी बर्फाची लाकडी पेटी असे. तिची जागा पुढे विजेच्या फ्रीजने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कुटुंबे शहराबाहेरच्या ऐसपैस घरांत राहावयास गेली. दुकान दूर, दारात मोटार, वीज स्वस्त. म्हणून आठवड्याचा बाजार एकदम भरण्याची रीत पडली. तेथे अंडीसुद्धा धुऊन विकतात आणि धुतलेल्या अंड्याचे नैसर्गिक आवरण जात असल्याने ते थंडच ठेवावे लागते. युरोपातील जुन्या शहरांत मात्र स्वयंपाकघरे लहान. ओट्याखालच्या कपाटांच्या ओळीत बसेल असा साठ सेंटिमीटर रुंदीचा फ्रीज तेथे रूढ झाला. पाव-भाजीचे दुकान कोपऱ्यावर आणि वीज महाग, तेव्हा मोठ्या पेटीची निकड भासली नाही.

आता आपल्या कारध्याकडे वळू. वैनगंगेच्या या काठावर मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. उन्हाचाच हिशेब धरला तर जगातील सर्वांत मोठे फ्रीज येथे असावयास हवेत! पण येथे दूध रोज सकाळी दारात येते, भाजी आठवडी बाजारातून येते, आणि पूल ओलांडला की भंडारा शहर आहे. धान्य कोठीत, सांडगे-कुरडया डब्यांत, सुकी मासळी मडक्यात, पाणी माठात. उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी खाल्ला जाई. त्याहून अधिक उरला तर वाटी शेजारच्या घरी जाई. भारनियमनाच्या वर्षांत तर दिवसातील कित्येक तास फ्रीज हे नुसते कपाटच होते. अशा घरास मोठी पेटी कशाला हवी?

आपल्या देशात फ्रीज बनविणारी पहिली भारतीय कंपनी गोदरेज. तिने १९५८ साली हे काम सुरू केले. पन्नास वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच कंपनीने उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, सहाशेहून अधिक स्त्रियांना एकत्र बोलावून एका चिमुकल्या पेटीविषयी त्यांचे मत घेतले. त्यातून ‘छोटूकूल’ आला : सुमारे ४३ लिटरचा, आठेक किलो वजनाचा, कॉम्प्रेसर नसलेला, बॅटरीवरही चालणारा. झाकण वरच्या बाजूस, म्हणजे उघडले तरी थंड हवा खाली सांडत नसे. योजना शहाणपणाची होती. तरी खेड्यांतून त्यास अपेक्षित मागणी आली नाही, आणि कंपनीला शहरी गिऱ्हाइकाकडे वळावे लागले. गरिबालाही फ्रीज हवा असतो तो चारचौघांच्या घरी असतो तसा. माप केवळ गरजेने ठरत नाही. त्यात मानही असतो.

गेल्या उन्हाळ्यात येथील एका घरात याच प्रश्नावरून अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. सासूबाईंना मधुमेह. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. ते गोठले तरी वाया जाते आणि तापले तरी. जुना फ्रीज बंद पडला होता. म्हणून बाटल्या शेजाऱ्यांकडे, आणि रोजच्या वापरातली तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी. नवा घ्यावयाचा यावर सर्वांचे एकमत, भांडण मापाचे. सासूबाई म्हणत, लहान घ्या, नातवाची फी भरावयाची आहे. सून म्हणे, मोठा घ्या. आम्हांला मध्यस्थीस बोलाविले.

सून म्हणाली, “फादर, मी सकाळी सातला भंडाऱ्याला कामावर जाते अन् सातलाच परत येते. रोज ताजी भाजी कोण आणणार? दोन वेळा कोण रांधणार?”

यावर सासूबाई गप्प झाल्या आणि आम्हीही विचारात पडलो. वाळवणे, ताजे दूध, दोन वेळचा गरम स्वयंपाक यांचे आपण कौतुक करतो. पण लहान फ्रीजचे ते सारे वैभव घरात दिवसभर राबणाऱ्या एका स्त्रीवर उभे होते. ती कामासाठी घराबाहेर पडली की हिशेब बदलतो. शेवटी त्यांनी अडीचशे लिटरच्या आतला, दोन दारांचा फ्रीज हप्त्यांनी घेतला. इन्सुलिनचा डबा बर्फाच्या कप्प्यापासून दूर, मधल्या फळीवर. नातवाची फी भरली गेली. मात्र त्या वर्षी घराची रंगरंगोटी राहिली.

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो दिवसापुरता. साठवून ठेवणाऱ्यांच्या मान्न्यात किडे पडले. फ्रीजने किड्यांची भीती घालविली, हे उत्तमच झाले. परंतु त्या भीतीपायी शेजारी जाणारी वाटी तेवढी थांबू नये. नवा फ्रीज घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच : दुकानात जाण्यापूर्वी घरात बसून बोला. बाजार कोण करते, रांधते कोण, औषध कोणाचे ठेवावयाचे आहे, हप्ता कोणाच्या कमाईतून जाणार आहे, हे आधी विचारा. लिटरचा आकडा त्यानंतर ठरवा. आणि ज्या बाईला तो रोज उघडावयाचा आहे, तिचे मत सर्वांच्या आधी घ्या.