उलटा वारसा

वारसा म्हटला कीं तो वरून खालीं यावयाचा, अशी आपली समजूत. आजोबांची विहीर बापाकडे, बापाची मुलाकडे. धाकट्याची पाटी थोरल्याला वारशानें मिळाल्याचें कोणीं ऐकलें आहे काय? परंतु संगणकाच्या राज्यांत नेमकें हेंच घडतें, आणि गेलीं कित्येक वर्षें त्या व्यवसायांत काढूनहि मला त्याचें नवल वाटतें.

तेथें अधिकार माणसाला देत नाहींत; ते भूमिकेला देतात, आणि माणसाला ती भूमिका. फेरायोलो व कून या दोघांनीं १९९२ सालीं बाल्टिमोरच्या एका परिषदेंत ही कल्पना रीतसर मांडली. पुढें १९९६ सालीं रवि सांधू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भूमिकांची उतरंड वर्णिली. रुग्णालयाचें उदाहरण घ्या. तळाशीं आरोग्यसेवक, त्यावर डॉक्टर, त्यावर विशेषज्ञ. सेवकाला जें पाहण्याची मुभा, ती डॉक्टरला आपोआप, डॉक्टरची विशेषज्ञाला. घरांतल्या उतरंडींत धाकटें मडकें वर असतें खरें. पण येथें वरचें मडकें खालच्या सर्वांचें धान्य पोटांत घेऊन बसतें! क्रम मात्र बिनचूक हवा. अ हा ब च्या वर आणि ब पुन्हा अ च्या वर, असें चक्र चालत नाहीं. पोस्टग्रेस नांवाचा डेटाबेस तें बांधूं पाहणाऱ्याला तात्काळ नकार देतो.

एका कचेरीसाठीं मी अशी उतरंड आंखीत असतां, सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्या एका मुलीनें हळूच विचारलें, "सर, माझीं अर्धवट टिपणेंहि साहेबांना दिसणार का?"

नियमानें दिसणारच होतीं. पण कच्चें लिखाण कोणी डोकावून पाहत असेल तर लेखणी कशी अडते, हें लिहिणाऱ्यांना सांगावयास नको. सांधूंनीं यावर तोड सुचविली आहे, ती खासगी भूमिकेची. ही भूमिका मूळ भूमिकेच्या वर, पण साहेबांच्या वाटेबाहेर ठेवावयाची. खालचे अधिकार तिच्यांत येतात, तिचे मात्र साहेबांपर्यंत चढत नाहींत. मला ही योजना फार आवडते.

साहेबांना ती आवडली नाहीं. "मी वरिष्ठ, आणि मलाच दार बंद?" त्यांचा दुसरा प्रश्न अधिक रास्त होता : "ही उद्यां रजेवर गेली तर?"

भूमिका माणसाहून वेगळी ठेवल्याचा तेथें उपयोग झाला. तिच्या शेजारीं बसणाऱ्या सहकाऱ्याचें नांव आम्हीं त्या खासगी भूमिकेंत घातलें, आणि साहेबांनीं कागदावर सही केली.