ओल राखणं

मुंगळे कसे पाळावेत यावर परदेशी मंडळी जे सांगतात, त्यातलं निम्मं विरारमध्ये निरुपयोगी. घरट्याखाली गरम चटई घाला, हिवाळ्यात वसाहत थंडगार जागी निजवा, वगैरे. आपला काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, इथलाच. झाडाच्या बुंध्याशी माती उकरून राहणारा. त्याला घरातली हवा पुरते, वीज गेली तरी काही अडत नाही. सांभाळावी लागते ती ओल.

पावसाच्या सुमाराला पंखवाल्या राण्या उडतात. मीलन झालेली राणी पंख टाकून बीळ शोधत फिरते. तिला परीक्षानळीत घ्यायचं: तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. वरून काळा कागद. खायला काहीच नाही. उडण्याचे स्नायू आता तिला नकोच असतात. ते अंगातच जिरवून ती पहिल्या अळ्यांना भरवते. महिना-दीड महिन्यात कोशांतून बारके कामकरी निघतात. थोराड डोक्याचे फार नंतर.

पुढे प्लास्टरचं घरटं, आणि खरी कसोटी तिथे. मे महिन्यात ते सारखं सुकतं. जुलैत अर्नाळ्याकडून येणाऱ्या दमट वाऱ्यात सुकतच नाही. खायला दिलेल्या झुरळाची एक तंगडी राहिली तरी बुरशी धरते. म्हणून पाणी एकाच बाजूला द्यायचं आणि दुसरी कोरडी ठेवायची. मुंगळे अळ्या ओलीकडे नेतात, कोश जरा कोरड्यात रचतात. सगळाच पसारा एका टोकाला सरकला, की पाण्याचं गणित बदलायचं. आर्द्रतामापकापेक्षा माझा यावर भरवसा जास्त. मुंगळे फिरतात त्या डब्याच्या काठाला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावतात, तीही पावसाळ्यात ओलावते आणि मुंगळे खुशाल वर चढतात. तेव्हा बारीक जाळीचं झाकण हवंच.

साखरपाण्यात खायचा लाल रंग टाकून बघा. प्यायलेल्या मुंगळ्याचं पोट तट्ट फुगतं, काळ्या पट्ट्या फाकतात आणि मधल्या पातळ कातडीतून लाली दिसते. मग तोंडाला तोंड लावून ती वाटली जाते. थोड्याच वेळात, घरट्याबाहेर न पडलेल्यांच्या पोटांतही फिकट लाल उतरलेला असतो.

हल्ली कुणी कुणी परदेशी राण्या मागवतात. मला ते पटत नाही. आपल्या हवेत त्या निसटल्या आणि रुजल्या तर आवरणार कोण? माझा मुंगळा पळालाच तर शेजारच्या काकूंच्या साखरेच्या डब्यापर्यंत जाईल. त्यांची धास्ती वेगळीच, दाराची चौकट खाईल अशी. तो लाकूड खात नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.