माळ्यावरचे दव

गेल्या आषाढात एक तरुण आपल्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आमच्याकडे आला. नोंदवही उघडली, तर पान ओले! आजोबांचे नाव वाचता आले. त्यांच्या आईच्या नावाची शाई मात्र पार पसरली होती. जुन्या वह्यांना बुरशी लागू नये म्हणून आम्हीच त्या खोलीत थंड हवेची सोय करविली होती, हे सांगावयास संकोच वाटतो.

कौले गळत असतील म्हणून आम्ही ती शाकारून घेतली. थेंब थांबेनात. माळ्यावर चढून पाहिले, तो खोलीत थंड हवा आणणाऱ्या लवचीक डक्टलाच घाम फुटलेला. माळा सुकावा म्हणून आम्ही गवाक्षे सताड उघडली, आणि थेंब वाढले.

"फादर, बाहेरची हवाच ओली. ती आत घेऊन काय सुकणार?" मिस्त्री हसला.

गोव्याच्या पावसाळ्यात हवा 28 अंशांची व आर्द्रता 90 टक्के असली, की 26 अंशांइतक्या थंड वस्तूवरही दव जमू लागते. डक्टमधली हवा तर 13-14 अंशांची. भोवतालच्या ग्लासवूलने बाहेरचे आवरण उबदार राखावयाचे, आणि त्या आवरणाने दमट हवेला लोकरीपर्यंत येऊ द्यावयाचे नाही. आमच्याकडे दोन्ही बिघडले होते. टांगणीची बारीक तार रुतून लोकर दबली होती. आणि नाताळच्या गोठ्याच्या पेट्या आम्ही स्वतःच डक्टला खेटून रचल्यामुळे आवरण फाटले होते.

भिजलेली लोकर उष्णता अडवीत नाही. म्हणून तो भाग काढून अधिक जाड लोकरीचा डक्ट घातला. तो पूर्ण ताणून, दर 4 फुटांवर दीड इंच रुंद पट्टीने टांगला. सांध्याशी आतली नळी आवळून चिकटपट्टीने बंद केली, मग लोकर वर ओढून बाहेरचे आवरण निराळे बंद केले. हे दुसरे काम पूर्वी कोणी केलेच नव्हते. यंत्राची जाळीही आता आम्ही वेळेवर धुतो. ती तुंबली की हवा कमी वाहते व अधिकच थंड होते. गवाक्षे पावसाळाभर मिटलेली असतात, पेट्या खाली जिन्यापाशी.

तरुणाच्या पणजीचे नाव पुढल्या वहीत, आजोबांच्या धाकट्या भावाच्या नोंदीत सापडले. ती वही खालच्या कप्प्यात होती.