ओल्या चाकाची रेघ

कलात्मक स्केटिंगमधली लुट्झ ही उडी उलट्या फिरकीची आहे. उजव्या पायावर उतरणारा खेळाडू डाव्या पायाच्या बाहेरच्या एजवर लांबवर मागे सरकत येतो. हे वळण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. मग तो उजव्या पायाचा टो-स्टॉप मागे टेकवून उसळतो आणि हवेत मात्र काट्यांच्या उलट फिरतो. इतर नेहमीच्या उड्यांत वळण आणि गिरकी एकाच दिशेची असतात, एकाचा जोर दुसरीला मिळतो. लुट्झमध्ये दोघांचे पटत नाही. ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झने १९१३ साली ही उडी बर्फावर मारली. चाकांवर टो-लूप या उडीला मेप्स म्हणण्याची पद्धत पडली, लुट्झ मात्र दोन्हीकडे लुट्झच राहिली.

तिची अडचण एकच आहे आणि ती पाऊण सेकंदाची आहे. टो-स्टॉप टेकण्याच्या जरा आधी शरीराला पुढच्या गिरकीची घाई होते, डावा घोटा आत कलतो, बाहेरची एज सुटून आतली लागते. उडी तरीही होते आणि प्रेक्षक टाळ्याही वाजवतात. पण ती लुट्झ नसते, फ्लिप असते. स्केटिंगवाले तिला कुचेष्टेने फ्लुट्झ म्हणतात. बर्फावरच्या आताच्या गुणपद्धतीत चुकलेल्या एजसाठी गुणपत्रकावर ‘ई’ अक्षर पडते आणि शंका असेल तर उद्गारचिन्ह. गावपातळीच्या स्पर्धेत पंच समोरच्या बाजूला बसलेले असतात आणि लुट्झ बहुधा पलीकडच्या कोपऱ्यात होते. तिथून एज दिसत नाही, उंची दिसते.

चार चाकांच्या स्केटला एज असते कशी, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. पात्याला कड असते, चाकाला कुठली? उत्तर १८६३ सालचे आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने चाकांच्या जोडीवर रबराची उशी बसवली. अंग ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला आस वळतो आणि स्केट आपोआप त्या वर्तुळावर जाते. म्हणून चाकावरची एज म्हणजे कड नव्हे, झुकाव. चारही चाके जमिनीला टेकलेली असतात आणि तरीही खेळाडू ‘बाहेर’ किंवा ‘आत’ असतो. हे पुस्तकात एका ओळीत सांगता येते. घोट्याला कळायला तीन-चार वर्षे जातात.

या रबराचे कोकणात फार हाल होतात. नवी स्केट आली की वडील पान्हा घेऊन ट्रकचे, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या भागाचे, नट करकचून आवळतात, पोर पडू नये म्हणून. मग स्केट वळतच नाही. बूट घेतात ते वाढत्या अंगाचे, शाळेच्या गणवेशासारखे: दोन नंबर मोठे आणि पुढे कापूस. अशा बुटात घोटा एकीकडे, बूट दुसरीकडे. त्या पोराला एज शिकवणे म्हणजे हातमोजे घालून रांगोळी काढायला लावणे. तरीही या पालकांना दोष देता येत नाही. चांगल्या प्लेटसह बूट घ्यायचे तर एका पगाराचा मोठा हिस्सा जातो आणि पोराचा पाय वर्षभरात वाढतो.

कलात्मक स्केटिंगचा पाया आकृत्यांचा. सहा मीटर व्यासाची वर्तुळे जमिनीवर आखायची आणि त्यांच्या रेघेवरून एका पायाने जायचे. लूपसाठी छोटे वर्तुळ, २.४० मीटरचे. तीन मीटर सुतळी, एक खडू आणि मधोमध पाय रोवून उभे राहणारे कोणीतरी एवढ्यावर काम भागते. तीन वर्तुळे एका ओळीत घेतली की अठरा मीटर जागा लागते, म्हणजे बेताच्या लग्नमंडपाइतकी. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून सक्तीच्या आकृत्या १९९० साली गेल्या, चाकांवर त्या त्यानंतरही अनेक वर्षे टिकल्या. आकृत्या गेल्यापासून एज बिघडली, असे जुने प्रशिक्षक म्हणतात. जुने लोक सगळ्याच बाबतीत तसे म्हणतात, पण इथे त्यांचे खरे आहे. हल्लीची पोरे वर्तुळ पुरे होण्याआधी उडी मागतात.

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा यांच्यामध्ये कासू आणि नागोठणे ही रेल्वेची स्थानके लागतात. दिवा–रोहा गाडीत स्केटची पिशवी मांडीवर घेऊन बसले की शेजारचा माणूस हमखास विचारतो, आत काय आहे. क्रिकेटची बॅट असती तर विचारले नसते. रोह्यात खेळ म्हणजे कबड्डी. वाडीवाडीत संघ, तांबडी माती आणि रात्रीचे सामने. पेणला ओळख गणपतीच्या मूर्तींची, आणि ती हमरापूर, जोहे, कळवे अशी आजूबाजूच्या गावांत पसरलेली. या दोन गावांच्या मध्ये चाकांवर नाचणारी मुलगी म्हणजे अपवादच. तिची रिंक म्हणजे शाळेच्या आवारातला कोबा, सुट्टीच्या दिवशी मंगल कार्यालयाची फरशी, किंवा नव्या इमारतीखालचे पार्किंग, जिथे खांब चुकवतच गिरकी शिकावी लागते. कडप्प्यावर चाक घसरते. शहाबादी फरशीच्या सांध्यात ते अडते. घोटलेला कोबा सगळ्यांत चांगला, पण त्याच्यावर पडले की गुडघ्याची साल जाते.

त्यात पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्या जागेवरचा वर्ग चार महिने बंद राहतो. छपराखालच्या जागांना तेव्हा दुसरे गिऱ्हाईक असते. पेणला तर जुलैपासून रिकामा म्हणावा असा कोपरा सापडत नाही, जिथे तिथे मूर्ती वाळत असतात. खेळाडूची वर्षाची मेहनत पावसात गंजते आणि बेअरिंगही गंजतात.

विजेता खेळाडू शिकवण्याकडे वळतो तो सहसा याच मोसमात. हातात वेळ असतो, घोटा दुखत असतो, बारावी नाहीतर पदवीचे वर्ष डोक्यावर असते आणि घरचे विचारू लागतात की या चाकांचे पुढे काय. भारतात या प्रश्नाचे उत्तर देणारी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अनुपकुमार यामा याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीत कांस्य मिळवले आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही कांस्य. २०१५ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राच्या सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे यांच्या गळ्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली कांस्यपदक पडले, पण ते वेगाच्या शर्यतीतले, ३,००० मीटर रिलेचे. तालुक्याच्या गावात स्केटिंगचा वर्ग म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हीच शर्यत येते. इनलाइन स्केट, हेल्मेट, सुसाट पोरे. दोन महिन्यांत पोर पळू लागते, तिसऱ्या महिन्यात पदक घरी आणते. गाडीखालून वाकून जाण्याच्या विक्रमांची हौस त्यात आणखी भर घालते. कलात्मक वर्गात दोन महिन्यांनी पोर एका पायावर वर्तुळ काढत असते आणि बघायला आलेली आजी विचारते, हे पळणार कधी? शर्यतवाल्या वर्गांवर टीका करणे सोपे आहे. त्यांच्याकडे चाळीस पोरे असतात आणि कलात्मकवाल्यांकडे सात, हे त्या टीकेमागचे एक कारण असते.

विजेत्याला शिकवता येते का, याचा निकाल जगात दोन्ही बाजूंनी लागला आहे. कॅनडाचा ब्रायन ऑर्सर बर्फावरचा १९८७ चा विश्वविजेता, ऑलिंपिकमध्ये १९८४ आणि १९८८ असा दोन्ही वेळा रौप्यावर थांबलेला. त्याने शिकवलेल्या युना किमने २०१० मध्ये सुवर्ण घेतले, युझुरु हान्यूने २०१४ आणि २०१८ मध्ये. उलट, नेथन चेनला २०२२ च्या सुवर्णापर्यंत नेणाऱ्या राफाएल अरुत्युन्यानचे नाव खेळाडू म्हणून कोणाला ठाऊक नव्हते. यावरून नियम निघत नाही. एवढे मात्र दिसते की ज्याला उडी सहज आली, त्याला ती कशी आली हे सांगता येत नाही. आठव्या वर्षी घोट्याने जे आपोआप उचलले, ते विसाव्या वर्षी तोंडाने सांगायला गेले की ‘अगं, असं कर’ यापलीकडे शब्द सरकत नाहीत.

मग विजेता करून दाखवतो. ही त्याची सगळ्यांत मोठी खोड. मुले कडेला गोल बसतात आणि ताई कोबा ओलांडून वेग घेते, उडते, उतरते, हात पसरते. टाळ्या. दाखवणे संपते तेव्हा शिकवल्याचे समाधान असते आणि मुलांच्या पदरात पाहिल्याचे. प्रस्तुत लेखिकेच्या शिकवण्याच्या पहिल्या वर्षातला निम्मा वेळ असा गेला. मुलांनी ‘मॅडम’ न म्हणता ‘ताई’ म्हणावे हा आग्रह साधेपणाचा वाटे. खरे तर ताईपुढे मुले जास्त टाळ्या वाजवतात. गंमत अशी की मुले नेमके तेच उचलतात जे दाखवायचे नसते. उतरताना डाव्या हाताची करंगळी वर, उडीआधी ओठ दाबणे, डावा खांदा खाली. सात मुलांपैकी चौघांची करंगळी वर गेली, लुट्झ मात्र एकाचीही झाली नाही.

पेणच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती हात बसलेल्या कारागिराकडेच असते. शिकणारा पोरगा आधी पांढऱ्या रंगापर्यंत येतो, मग पितांबर, मग दागिने. डोळ्यांपर्यंत पोचायला त्याला वर्षे लागतात आणि तोवर तो शेजारी बसून बघतो. तिथे बघणे हेच शिक्षण आहे आणि ते चालते, कारण मूर्तीवर रेघ उरते. कुंचला कुठे थबकला, कुठे जाड झाला, ते दुसऱ्या दिवशीही पाहता येते. बर्फावरही पात्याची रेघ उरते. आकृत्यांच्या काळात पंच वाकून ती तपासत. कोब्यावर चाकाचे काही उरत नाही. चाकांच्या स्केटरची चूक झाली त्याच क्षणी पुसली जाते, आणि बरोबर गेलेलेही तसेच पुसले जाते. विजेत्याला याची पहिली बाजू फार सोयीची असते.

लेखिकेच्या बाबतीत ही सोय एका जूनमध्ये संपली. जागा छपराची होती, पण वाऱ्याने झड आत येऊन कडेचा कोबा भिजला होता. पेणची दहा वर्षांची विद्यार्थिनी सरावात त्या ओलीतून मागे सरकत गेली आणि पुढे कोरड्या कोब्यावर तिच्या चाकांची दुहेरी रेघ उमटली. सुरुवातीला एका बाजूला सुरेख कमान, आणि टोकाशी, बरोबर टो-स्टॉपच्या आधी, उलटा वाक. इंग्रजी एस अक्षरासारखा. फ्लुट्झचा पंचनामाच तो. ताईने तो वाक बोटाने दाखवून दिला. मुलीने विचारले, ‘तुमची कशी येते?’ ताई ओलीतून गेली, उडी न मारता नुसती उडीच्या टोकापर्यंत. रेघ वाळायच्या आत सातही मुले भोवती उभी राहिली. मुलगी म्हणाली, ‘ताई, तुमचीपण अशीच वळते.’

ज्या उडीवर पदक मिळाले ती लुट्झ नव्हतीच, हे कळायला झडीचा पाऊस लागावा, यात कोणा पंचाचा दोष नाही. घोट्याला ते माहीत होते. वाक कुठे होतो ते शरीर ओळखते आणि दरवेळी थोडे लपवते: खांदा अधिक वळवून, उंची वाढवून, प्रेक्षकांकडे बघून. लेखिकेने त्या दिवशी वर्ग लवकर सोडला. कारण पावसाचे सांगितले.

ओल्या रेघेने शिकवायची रीत त्यानंतर ठरली. ती सोपी दिसते, पण तिच्यात खोच आहे. चाक थेंबभरच ओले हवे. जास्त झाले की कोबा निसरडा होतो आणि पोर आपटते. म्हणून या सरावात उडी मारायची नाही. ओल्या फडक्यावरून जायचे, मागे सरकायचे, टोकाशी टो-स्टॉप टेकवून तसेच थांबायचे आणि खाली बघायचे. रेघ फार वेळ टिकत नाही. कोकणातल्या दमट दिवशी जरा जास्त. ट्रक आवळलेला असेल तर रेघ जवळजवळ सरळच येते. मग पालकांना पान्हा कपाटात ठेवायला सांगणे सोपे जाते, त्यांना रेघ दाखवता येते. बूट मोठा असेल तर रेघेला लाटा येतात. मोबाइलवरचे संथ चित्रीकरणही एज दाखवते, पण मुले त्यात चेहरा बघतात.

दोन महिन्यांत त्या मुलीची कमान टोकापर्यंत एकाच बाजूला राहू लागली. उडी अजून अर्धीच होते, उतरताना हात टेकतो; पण जी होते ती लुट्झ आहे. ताईची रेघ अजून शेवटच्या वीतभरात वळते. बारा वर्षे मुरलेला वाक काढणे हे नवी उडी शिकण्यापेक्षा अवघड, आणि वाढत्या वयाचा घोटा त्यात साथ देत नाही. राज्य पातळीवर पुन्हा उतरायचे की नाही हे ठरलेले नाही. उतरले तर कार्यक्रमात लुट्झच्या जागी फ्लिप लिहावी लागेल. तिचे गुण कमी आहेत.

वर्ग शनिवारी पेणला आणि रविवारी रोह्याला भरतो. फडकी दोन लागतात, एक चाके ओली करायला आणि एक कोबा पुसायला.