चंद्रपर्वतावरील वनश्री

युगांडा व कांगो यांच्या सीमेवर, विषुववृत्तानजीक, रुवेन्झोरी पर्वत उभा आहे. प्राचीन ग्रीकांचा ‘चंद्रपर्वत’ तो हाच, असे पुष्कळ विद्वान मानतात. पायथ्याशी अरण्य, वर वेळूची बने, त्याहून वर शेवाळाने मढलेले हीथवृक्ष. आणि मग शेवंतीच्या कुळातला, परंतु दोन-तीन पुरुष उंच वाढणारा सेनेसिओ! तेथे दिवसा उन्हाळा, रात्री हिवाळा. म्हणून हा वृक्ष वाळली पाने न टाकता खोडाभोवती घोंगडीसारखी पांघरून राहतो. शेजारी असते लोबेलिया, आपल्या सह्याद्रीवरील ढवळीची थोरली बहीणच म्हणा ना! १९०६ साली अब्रुझीच्या ड्यूकने ५,१०९ मीटर उंचीचे मार्गारिटा शिखर प्रथम गाठले. तेव्हाचे बहुतेक हिम आता वितळले आहे. उष्म्यामुळे खालची झाडे वर सरकू लागली, तर सेनेसिओने जावे कोठे? वर नुसता खडक आहे.