पार्सल कुठे उतरतं?

"40 लाखांपर्यंत आपल्याला जीएसटी लागत नाही," हे मी नवी मुंबईत घरून व्यवसाय करणाऱ्या कितीतरी जणींना छातीठोकपणे सांगितलं. ते अर्धवट होतं, आणि माझ्या शब्दावर विसंबून काही जणींनी परराज्यात माल पाठवला. म्हणून माझ्या हातून काय काय चुकलं ते नीट सांगणं मी माझं देणं समजते.

2020 च्या टाळेबंदीत नेरूळच्या घरी गोडा मसाला करायला घेतला. मिरची, धणे, दगडफूल, नागकेशर तुर्भ्याच्या मसाला बाजारातून यायचं, भाजणं घरी आणि कुटणं डंकावर. गिऱ्हाईक आधी सोसायटीतलं, मग सीवूड्स आणि खारघरचं. पुढे त्यांच्या बहिणी, भाच्या, विहिणी मसाला मागवू लागल्या. कोणी बेळगावला, कोणी मडगावला, कोणी इंदूर-बडोद्याला. सगळी मराठी घरं, सगळ्यांशी फोनवर तासभर गप्पा. या गावांना पार्सल पाठवणं म्हणजे आंतरराज्य विक्री, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. करकायद्यात मात्र प्रत्येक राज्याचा क्रमांक वेगळा: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30.

40 लाखांची मर्यादा खोटी नाही. फक्त माल विकणाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2019 पासून ती 20 लाखांवरून 40 लाख झाली. मी तेवढंच वाचलं होतं. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला, की सीजीएसटी कायद्याच्या कलम 24 प्रमाणे नोंदणी सक्तीची, मग विक्री एका पुडीची का असेना. हे जीएसटीबरोबर आलं असंही नाही. 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यातही आंतरराज्य विक्रीला उलाढालीची किमान मर्यादा नव्हती. पार्सल घेताना कुणी नोंदणी क्रमांक विचारत नाही, त्यामुळे सगळं रीतसर चाललंय असं वाटत राहतं.

2022 च्या दिवाळीआधी बेलापूरच्या एका कंपनीने भेटीचे डबे मागवले आणि जीएसटी क्रमांकाचं बिल हवं म्हणून सांगितलं. मी करसल्लागाराकडे गेले. उलाढाल किती, हे त्यांनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "माल कुठे कुठे जातो?" मी वही पुढे केली. बेळगावच्या पहिल्या पार्सलाच्या तारखेवर त्यांनी बोट ठेवलं आणि त्या दिवसापासून नोंदणी लागत होती, म्हणाले. म्हणजे त्यानंतरची नेरूळमधली विक्रीही करपात्र. गिऱ्हाइकाकडून कर घेतलाच नव्हता, तेव्हा मिळालेली किंमत करासह धरायची आणि प्रत्येक 105 रुपयांतले 5 सरकारचे. वर 18 टक्के व्याज. नोंदणी वेळेवर न केल्यास 10 हजार रुपये किंवा बुडालेला कर, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या दंडाची तरतूद कायद्यात आहे, हेही तेव्हाच कळलं. मागच्या कच्च्या मालावरच्या कराची वजावटही गेली. नोंदणीची गरज निर्माण झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज केला तरच जुन्या साठ्यावर ती मिळते.

मी कंपोझिशन योजनेचा हट्ट धरून पाहिला. 1 टक्का कर, कागदपत्रं कमी. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. मग साधी नोंदणी केली. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतिपत्र जोडलं.

नोंदणीनंतर माझं लक्ष सैल झालं आणि दुसरी चूक झाली. बिलाच्या तयार नमुन्यात केंद्राचा सीजीएसटी अडीच टक्के, राज्याचा एसजीएसटी अडीच टक्के असे दोन रकाने होते. मी तेच मडगावच्या आणि इंदूरच्या बिलांवरही भरत गेले. बेरीज पाचच, गिऱ्हाईक देतं तेही पाचच, मग फरक काय? फरक असा, की जीएसटी माल जिथे खपतो त्या राज्याचा कर आहे. मडगावच्या डब्यावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी लावला, की राज्याचा वाटा गोव्याला जातो. एसजीएसटी लावला, की तो महाराष्ट्राच्या तिजोरीत राहतो. मी गोव्याचे पैसे इथे भरत होते.

ही चूक आपोआप वळती होत नाही. आधी आयजीएसटी पुन्हा भरायचा आणि मग चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांचा परतावा मागायचा. आयजीएसटी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा पुन्हा भरलेल्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही, परताव्याच्या अर्जाला दोन वर्षांची मुदत मिळते. पण परतावा एका खात्यात 1,000 रुपयांहून कमी असेल तर तो मिळतच नाही. अडीच टक्क्यांनी 1,000 रुपये होण्यासाठी 40,000 रुपयांची विक्री लागते. महिन्याला चार-पाच पार्सलं बाहेर पाठवणाऱ्या बाईने वेगवेगळे अर्ज केले तर तिच्या पदरी काहीच पडत नाही. मी कित्येक महिन्यांची बिलं एकत्र करून अर्ज केला. तोपर्यंत एकाच मालावर दोनदा भरलेला कर माझ्या भांडवलातून गेला होता.

सगळ्यात जास्त मी गोंधळले ती दिवाळीच्या भेटींत. वाशीची बाई पैसे देते, डबा तिच्या हैदराबादच्या नणंदेकडे जातो. बिल कुणाच्या पत्त्यावर? मी वाशीच्या पत्त्यावर केलं आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावला. 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकासाठी बिलावरचा पत्ता निर्णायक झाला, आणि 26 जून 2024 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं, की बिलाचा आणि पोचवण्याचा पत्ता वेगळा असेल तर पोचवण्याचा धरायचा. म्हणजे हैदराबाद, आयजीएसटी. पण तोच डबा त्याच हैदराबादच्या घरी बेलापूरच्या कंपनीने आपल्या नोंदणी क्रमांकावर पाठवला, तर विक्री कंपनीला झाली. तेव्हा कंपनीचं राज्य धरायचं आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा. मी हे उलटंसुलटं केलं. ऑर्डर घेताना आता दोन गोष्टी विचारल्याशिवाय मी बिल करत नाही. डबा कुठे उतरणार, आणि पैसे देणाऱ्याचा जीएसटी क्रमांक आहे का.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. घरून शिकवणी घेणारी किंवा डिझाइन करणारी बाई परराज्यातल्या गिऱ्हाइकाला सेवा देते, तिला ऑक्टोबर 2017 पासून 20 लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंनाही काही अटींवर तशीच सूट आहे. मसाल्याला, चकलीला, शिवलेल्या झबल्याला ती नाही. ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीविना ऑनलाइन बाजारात विकता येतं, तेही राज्यातच. 20 लाखांची तीच सूट घरगुती मालालाही द्यायला हवी. गिऱ्हाईक सासर-माहेराच्या नात्यांतून वाढतं आणि नाती राज्याची हद्द पाहत नाहीत. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावंच लागतं आणि उशिराला दिवसाला 20 रुपये पडतात, हा भार चार पार्सलांच्या व्यवसायाला झेपत नाही.

एवढं पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. घणसोलीची एक मैत्रीण फक्त उडदाचे पापड करते. तिला मी इंदूरला पाठवणं बंद करायला लावलं आणि तिचा एक अख्खा उन्हाळा वाया घालवला. पापडावर कर शून्य आहे. कलम 24 करपात्र मालाबद्दल बोलतं, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला कलम 23 नोंदणीतून वगळतं. तिला नोंदणी लागतच नव्हती. मी तिच्याकडे जाऊन हे सांगितलं आणि इंदूरच्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. त्यातली काही परत आली, काही नाही.

आता तिला पापडांसोबत कांदा-लसूण मसालाही विकायचा आहे. तो नवी मुंबईतच विकला तर 40 लाखांच्या आत तिला काही करावं लागणार नाही. इंदूरच्या पार्सलात एक पुडी ठेवायची तरी त्याआधी नोंदणी हवी. तेवढा खर्च त्या पुड्यांतून निघेल का, याचा हिशेब आम्ही दोघी सध्या मांडतो आहोत.